नकट्या रिव्हॉल्व्हरची सपाट गोळी

कोल्हापुरी चप्पल करणाऱ्या कारागिराच्या पुढ्यात भोक पाडण्याची दोन हत्यारे असतात. एक आरी, टोकदार आणि निमुळती. दुसरा पंच, म्हणजे तोंडाला धार लावलेली पोकळ पोलादी नळी. सुभाषनगरातल्या एका वयस्क कारागिराला मी एकदा नेमबाजीच्या लक्ष्याचा कोरा कागद दिला आणि दोन्ही हत्यारांनी त्याला भोक पाडून दाखवण्याची विनंती केली. आरी कागदातून आरपार गेली, पण बाहेर काढल्यावर भोकाच्या कडा फाटून वळलेल्या होत्या आणि भोक आरीच्या जाडीपेक्षा लहान दिसत होते. पंचावर हातोडीचा एकच ठोका बसला आणि कागदाची वाटोळी चकती सुटून पाटावर पडली. मागे राहिलेल्या भोकाची कड इतकी स्वच्छ होती की तिच्यावरून बोट फिरवले तरी कुठे अडत नव्हते. "आरीनं चामडं नुसतं बाजूला सरतंय, पंचानं ते कापलं जातंय," असे मामांनी मान वर न करताच सांगितले. वॉडकटर नावाच्या गोळीचे मर्म याहून नेमक्या शब्दांत मी कुठे ऐकलेले नाही.

रिव्हॉल्व्हरची नेहमीची गोळी पुढून गोलाकार असते, म्हणजे ती आरीच्या जातीची. वॉडकटर गोळी मात्र सरळ दंडगोल असते; तिचे पुढचे तोंड पूर्ण सपाट आणि त्या तोंडाची कड काटकोनात असते. या गोळीचा जन्म संरक्षणासाठी झालेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्या स्पर्धकांना एक व्यावहारिक अडचण होती. गोलाकार गोळी कागद फाडत जाते, भोकाची कड दातेरी होते आणि गोळी वरच्या गुणाच्या रेषेला शिवली की नाही यावरून परीक्षकांसमोर वाद होतो. रेषेला शिवलेल्या गोळीला वरचा गुण मिळतो, हा नियम आजही आहे. त्यामुळे केसभर फरकाला किंमत असते आणि पंचासारखे स्वच्छ भोक पाडणारी गोळी ही स्पर्धकाची खरी गरज होती. कागदाची चकती कापून काढणारी गोळी म्हणून तिला वॉडकटर हे नाव पडले.

अशी शुद्ध खेळातली, मंद गतीची गोळी खिशात मावणाऱ्या आखूड नळीच्या संरक्षक रिव्हॉल्व्हरसाठी लोक मुद्दाम का निवडतात आणि अलीकडे तिच्या खास आवृत्त्या का निघू लागल्या आहेत, हे समजून घेण्यासाठी काडतुसाच्या आत डोकावणे भाग आहे.

ज्या काडतुसाभोवती हा विषय फिरतो, ते .३८ स्पेशल अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९८ साली आणले. नावात .३८ असले तरी त्याच्या गोळीचा व्यास .३५७ इंच, म्हणजे ९.०७ मिलिमीटर असतो. सुरुवातीला हे काडतूस काळ्या दारूवर चालत असे. काळी दारू भरपूर जागा घेते, म्हणून त्याची पितळी पुंगळी चांगली २९ मिलिमीटर लांब ठेवली गेली. पुढे बिनधुराची दारू सर्वत्र रुळली, जी थोड्या प्रमाणात तेवढेच काम करते, आणि पुंगळीचा मोठा भाग रिकामा राहू लागला. रिकाम्या जागेत चिमूटभर दारू इकडेतिकडे सरकत राहते. नळी वर करून खाली आणली तर ती मागे प्रायमरपाशी, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीपाशी जमते, नळी खाली झुकवली तर ती पुढे गोळीला टेकते, आणि प्रत्येक वेळी ती पेटण्याची रीत थोडी बदलल्याने गोळ्यांची गतीही सारखी राहत नाही. वॉडकटर गोळी या रिकाम्या जागेतच जाऊन बसते. तिचे सपाट तोंड पुंगळीच्या काठाशी समपातळीत येते, संपूर्ण गोळी पुंगळीच्या पोटात असते आणि दारूला उरलेली जागा थोडी व ठरावीक राहते. प्रथमच पाहणाऱ्याला हे काडतूस रिकाम्या पुंगळीत शिसे ओतून वरून घासून सपाट केल्यासारखे वाटते. मात्र या बसवणीमुळेच मंद गतीचे असूनही ते अत्यंत सुसंगत चालते.

स्पर्धेसाठीच्या या गोळीचे प्रचलित वजन १४८ ग्रेन, म्हणजे सुमारे ९.६ ग्रॅम असते. ती मऊ शिशाची असते आणि तिच्या बुडाला वाटीसारखी खोल पोकळी असते. दारू पेटली की वायूचा दाब त्या पोकळीत शिरतो, मऊ शिशाचा घेर बाहेरच्या बाजूला फुगतो आणि नळीच्या आतील चरांना घट्ट बसतो. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्सच्या मिनिए यांनी १८४९ साली बंदुकीच्या गोळीसाठी ती वापरली आणि १८५७ च्या उठावाशी ज्या एन्फिल्ड रायफलीचे नाव कायमचे जोडले गेले, तिची गोळीही बुडाला पोकळच होती. कमी दाबात नळी पूर्ण भरण्याचा याहून सोपा उपाय नाही.

सपाट तोंडाची गोळी रिव्हॉल्व्हरमध्येच का शोभते, याचे कारण यंत्ररचनेत आहे. पिस्तुलात मॅगझिनमधले काडतूस स्प्रिंगच्या जोराने वर येते आणि उतारावरून घसरत चेंबरमध्ये शिरते. त्या उतारावर गोलाकार तोंड सहज घसरते, सपाट तोंडाची कड मात्र अडकते. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये प्रत्येक काडतूस आधीच आपल्या घरात बसलेले असते, त्यामुळे गोळीचे तोंड कसे आहे याच्याशी यंत्राला देणेघेणे नसते. केवळ वॉडकटरसाठी पिस्तूल घडवण्याचे प्रयत्नही झाले. स्मिथ अँड वेसनने १९६१ साली काढलेले मॉडेल ५२ हे त्यांतले नाणावलेले, परंतु त्यात पाचच काडतुसे बसत आणि ती वॉडकटरचीच असावी लागत.

आता आखूड नळीकडे येऊ. कोल्ट कंपनीचे डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ साली आले आणि स्मिथ अँड वेसनचे पाच काडतुसांचे चीफ्स स्पेशल १९५० साली. या जातीच्या रिव्हॉल्व्हरची नळी जेमतेम दोन इंच, कित्येकदा ४७ ते ४८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीपेक्षाही लहान असते. इंग्रजीत त्यांना स्नबनोज म्हणतात, त्याचा आशय आपल्या नकट्या या शब्दात तंतोतंत उतरतो. नळी नकटी झाली की दोन गोष्टी घडतात. गोळीमागे वायूला ढकलायला मिळणारे अंतर कमी होते, त्यामुळे गती घटते. आणि जी दारू नळीच्या आत जळायला हवी होती, तिचा काही भाग नळीबाहेर जळतो, त्यामुळे तोंडाशी ज्वाला आणि आवाज वाढतो. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून वायू निसटतो तो वेगळाच.

संरक्षणासाठी सामान्यतः पोकळ टोकाची गोळी सुचवली जाते. शरीरातल्या ओल्या ऊतीत शिरताच तिच्या टोकातल्या पोकळीत दाब तयार होतो, गोळी फुलासारखी उमलते, तिचा व्यास वाढतो आणि ती लवकर थांबते. हे उमलणे मात्र गतीवर अवलंबून असते. चार इंची नळीतून जी गोळी नीट उमलते, तीच दोन इंची नळीतून जाताना पुरेशा गतीच्या अभावी बंदच राहू शकते, किंवा जाड कपड्याचे तंतू टोकात भरून पोकळी बुजू शकते. न उमललेली पोकळ टोकाची गोळी ही व्यवहारात गोलाकार गोळीसारखीच वागते, म्हणजे आरीसारखी. दुसरी बाजू अशी की कमी गतीत ती उमललीच, तर मोठ्या व्यासामुळे तिचा दम लवकर संपतो आणि ती फार खोल जात नाही. काही उत्पादकांनी खास आखूड नळीसाठी पोकळ टोकाच्या गोळ्या घडवल्या, त्यांपैकी स्पीअर कंपनीची १३५ ग्रेनची गोल्ड डॉट प्रसिद्ध आहे आणि चांगलीही मानली जाते. पण तिच्यासाठी दाब वाढवावा लागतो, आणि वाढीव दाबाची किंमत हाताला मोजावी लागते.

ही किंमत किती, याचे ढोबळ गणित करून पाहण्यासारखे आहे. हलक्या मिश्रधातूच्या पाच काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरचे वजन सुमारे ४३० ग्रॅम, म्हणजे साखरेच्या अर्ध्या किलोच्या पुड्याहूनही कमी असते. त्यातून ९.६ ग्रॅमची वॉडकटर सेकंदाला सुमारे २०० मीटर गतीने बाहेर पडली, तर वायूचा वाटा सोडूनही रिव्हॉल्व्हर सेकंदाला साधारण ४.५ मीटर गतीने मागे येऊ पाहते. त्याच रिव्हॉल्व्हरमधून १०.२ ग्रॅमची वाढीव दाबाची गोळी २४० मीटर गतीने गेली, तर मागे येण्याची गती ५.७ मीटरपर्यंत पोहोचते. आकड्यांत फरक लहान वाटतो, पण धक्क्याची ऊर्जा गतीच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून मनगटाला बसणारा झटका सुमारे १.६ पट होतो. वाढीव दाब म्हणजे काय तेही सांगतो : अमेरिकन मानकानुसार साध्या .३८ स्पेशलचा कमाल दाब दर चौरस इंचाला १७,००० पौंड, तर वाढीव दाबाच्या, म्हणजे प्लस पी काडतुसाचा २०,००० पौंड. जुन्या, हलक्या सांगाड्याच्या रिव्हॉल्व्हरला हा जादा भार सोसतोच असे नाही.

मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण हत्यार खरेदी करताना माणूस गोळीची ताकद विचारतो, स्वतःच्या हाताची नाही. छोट्या मुठीचे, हलके, आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर चालवणे हे नेमबाजीतल्या अवघड कामांपैकी एक आहे. नेम धरण्यासाठी त्याच्यावर असलेल्या माशी आणि खाच यांमधले अंतर इतके कमी असते की हात किंचित हलला तरी नेम मोठ्या फरकाने चुकतो, आणि चापही लांब व जड असतो. अशा हत्याराचा झटका कमी असेल तर माणूस सराव करतो. जास्त असेल तर दहा गोळ्यांनंतर त्याचे बोट चाप ओढण्याआधीच दचकू लागते आणि महिन्याभरात सराव बंद पडतो. साठीच्या पुढच्या, सांधे दुखणाऱ्या किंवा मनगट बारीक असलेल्या माणसाला तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी भिडतो. वॉडकटर अशा हाताला जमते. जी गोळी नेमकी लागते तीच उपयोगी, आणि लागण्यासाठी आधी ती झेपली पाहिजे.

शरीरावरील परिणामाबद्दल सावधपणे आणि तरीही स्पष्ट लिहायला हवे. अमेरिकन पोलिसांनी कित्येक दशके १५८ ग्रेनची गोलाकार शिशाची गोळी वापरली आणि ती ऊती बाजूला सारत, मागे अरुंद मार्ग ठेवत आरपार जाते, अशी तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली. स्नायू आणि कातडी लवचीक असतात, त्यामुळे बाजूला सारलेला भाग पुन्हा जवळ येतो. सपाट तोंडाची काटकोनी कड तो भाग सारत नाही, चिरडते आणि कापते, म्हणून तिने केलेला मार्ग गोळीच्या पूर्ण व्यासाच्या अधिक जवळ राहतो. शिवाय तिरकस कोनात हाडावर आदळल्यास ती गोलाकार गोळीसारखी सहज घसरून जात नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या दरोडाविरोधी पथकात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काम केलेले जिम सिरिलो यांनी काटकोनी कडेच्या गोळ्यांचा पुरस्कार केला, तो याच कारणांसाठी.

१९८६ साली मायामी येथील चकमकीत एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेचे दोन अधिकारी मारले गेल्यानंतर त्या संस्थेने गोळ्या तपासण्याची शिस्तबद्ध पद्धत बसवली. ऊतीची नक्कल करणाऱ्या दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच आणि फार तर १८ इंच, म्हणजे सुमारे ३० ते ४६ सेंटिमीटर खोल जावी, असे तिचे माप आहे. आखूड नळीतून झाडलेली साधी वॉडकटर सहसा या मापात बसते. ती उमलत नाही, पण उमलण्याची तिला गरजही नसते. तिचे तोंड पहिल्या क्षणापासूनच पूर्ण रुंद आहे आणि कपड्याने बुजायला तिच्यात पोकळीच नाही. गती हे आखूड नळीचे दुबळेपण असेल, तर गतीवर अवलंबून नसलेली गोळी तिला योग्य. इतका साधा हा विचार आहे. कमकुवत काडतूस अचानक बलवान झाले, असा अर्थ यातून कुणी काढू नये.

खास संरक्षणासाठी निघालेल्या वॉडकटर आवृत्त्या याच पायावर उभ्या आहेत. त्यांत मऊ शिशाऐवजी अँटिमनी आणि कथील मिसळलेले कठीण शिसे वापरतात, म्हणजे तोंडाची कड हाडावर किंवा कपड्यावर बोथट होत नाही. बुडाची पोकळी काढून गोळी भरीव करतात आणि गती थोडी वाढवतात. ज्वाला कमी दिसावी म्हणून दारूही आखूड नळीत लवकर जळणारी निवडतात. फेडरल कंपनीने तर पोकळ टोक आणि वॉडकटरची बसवणी एकत्र केली : तिच्या एचएसटी मायक्रो या १३० ग्रेनच्या काडतुसात गोळी पुंगळीच्या आतच बसते आणि वरून पाहिले तर फक्त तिची रुंद पोकळी दिसते. या नव्या काडतुसांच्या जाहिराती भडक असतात, परंतु माझ्या मते सरावाची स्वस्त, मऊ, स्पर्धेची वॉडकटर आणि ही महाग आवृत्ती यांतले अंतर जाहिरातीत वाटते तितके मोठे नाही. खरे अंतर गोलाकार गोळी आणि सपाट गोळी यांच्यात आहे.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. बुडाला पोकळ असलेली मऊ गोळी वाढीव दाबाने झाडली तर तिचा पातळ घेर तुटून कडीसारखा नळीतच अडकू शकतो, आणि त्यामागून आलेली पुढची गोळी नळी फोडू शकते. म्हणून कारखान्याने ठरवलेल्या दाबाशी घरगुती खेळ करणे हा शुद्ध अविचार आहे. दंडगोल आकार हवेला फार अडतो, त्यामुळे ५० मीटरच्या पुढे ही गोळी अस्थिर होऊन कोलांट्या घेऊ लागते. अतिशय हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये झटक्यासरशी पुंगळ्या मागे खेचल्या जातात आणि इतर घरांतल्या गोळ्या जडत्वामुळे जागीच राहून पुंगळीतून पुढे सरकतात. त्या सिलिंडरबाहेर डोकावल्या तर सिलिंडर फिरायचे थांबते. कमी झटक्याची वॉडकटर इथे उलट सुरक्षित ठरते.

हातात घेतल्याशिवाय कळत नाही अशी अडचण पुन्हा भरण्याची आहे. गोलाकार गोळीचे टोक सिलिंडरच्या भोकात आपोआप वाट शोधते, पाच काडतुसे एकदम भरणाऱ्या स्पीडलोडरने ती एका दमात आत जातात. वॉडकटरला टोक नसल्याने पुंगळीची धार भोकाच्या धारेवर अडते आणि पाचही काडतुसे एकाच वेळी बरोबर समोर यावी लागतात. घाबरलेल्या, थरथरत्या हाताला हे जमत नाही. म्हणून अनुभवी लोक सिलिंडरमध्ये वॉडकटर ठेवतात आणि सोबतच्या भरणीत थोडे निमुळते टोक असलेली काडतुसे बाळगतात.

हे सगळे अमेरिकेतल्या काडतुसाविषयी झाले. भारतात .३८ बोअर, म्हणजे नळीचे ते माप, निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि सामान्य परवान्यावर मिळत नाही. आपल्याकडच्या परवानाधारकाचे रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ असते. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ साली आणलेले निर्भीक हे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हरही त्याच बोअरचे आहे. पण .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे १८९६ सालचे काडतूस जगभरच्या नेमबाजांना माहीत आहे ते त्याच्या वॉडकटरमुळेच. २५ मीटर सेंटर फायर (बुडाच्या मध्यावर प्रायमर असलेल्या काडतुसांच्या) पिस्तूल या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर बोअरला परवानगी असते, आणि बहुसंख्य स्पर्धक सुमारे १०० ग्रेनची .३२ वॉडकटर निवडतात. याच प्रकारात जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांसह तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत जिंकलेले २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ चे पॅरिस ऑलिंपिकमधले कांस्य ज्या प्रकारांत आले, त्यांत .२२ रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेत ठिणगीचा मसाला असलेले छोटे काडतूस चालते. त्यामुळे इथल्या नवशिक्या मुलांच्या हाती गोलाकार गोळीच प्रथम येते.

कोल्हापुरातल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर एकदा .२२ ने भेदलेला कागद आणि शेजारीच .३२ वॉडकटरने भेदलेला कागद मी उजेडासमोर धरून पाहिले. पहिल्यावरची भोके ताऱ्यासारखी चिरलेली होती आणि त्यांच्या कडा मागच्या बाजूला उभ्या राहिल्या होत्या. एक गोळी नऊच्या रेषेला शिवली की नाही, हे ठरवायला भिंग लागले. दुसऱ्यावर काळ्या वर्तुळात एकापाठोपाठ वाटोळ्या खिडक्या पडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या काठावर शिशाची राखाडी बारीक कड उमटली होती. ती राखाडी कड बोटाला लागते, आणि शिसे विषारी असते. मऊ, आवरण नसलेल्या शिशाची गोळी झाडणाऱ्याने रेंजवरून निघताना साबण आणि थंड पाण्याने हात व तोंड धुवावे, ते कपडे घरात वेगळे ठेवावेत आणि हात धुण्याआधी चहाच्या कपाला स्पर्श करू नये. इतर गोळ्यांपेक्षा या गोळीच्या बाबतीत ते अधिक काटेकोरपणे पाळायला हवे.